जुना दावा आम्ही जिंकलो, तरी चुलत भावानं परत दावा लावलाय. तारखेला जावंच लागेल का?

वाईची_लेक

मंडळी, जरा सविस्तर लिहिते. अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात.

माझं चिंचवडला शिलाईचं दुकान आहे, माहेर वाई तालुक्यात. आई ७८ वर्षांची, गावीच असते. गेल्या महिन्यात बेलिफ समन्स घेऊन आला तेव्हा ती हळदीच्या कढईपाशी होती. तशाच पिवळ्या हातानं सही केली आणि मला फोन लावला, "अगं, ते परत आलं." मला वाटलं माकड आलं. आमच्याकडे माकडांचा फार त्रास आहे. "माकड न्हवं गं, कोर्ट."

भांडण ३१ गुंठ्यांचं. आजोबा १९७२ ला वारले. १९७४ ला थोरले चुलते आणि माझे वडील वेगळे झाले, तोंडी वाटप झालं, हा तुकडा वडिलांकडे आला, फेरफारही तसा पडला. वडील १९९५ ला गेले. १९९८ ला चुलत्यांनी आई, भाऊ आणि मी अशा तिघांवर दावा टाकला: तुकडा वाटपात माझ्याच वाट्याला आला होता, मी मालक आहे असं जाहीर करा आणि यांना कायमची मनाई द्या. मी तेव्हा १९ वर्षांची. माझ्या लग्नाच्या याद्या आणि कोर्टाच्या तारखा आईनं एकाच वहीत लिहिल्यात. २००६ ला दावा फेटाळला. चुलत्यांचं जिल्हा न्यायालयातलं अपील २०११ ला फेटाळलं. २०१६ ला चुलते गेले. आम्हाला वाटलं, संपलं.

आता त्यांच्या मुलाचा नवा दावा आलाय. म्हणणं असं, की आजोबांनी १९७१ ला मृत्युपत्र करून हे ३१ गुंठे थोरल्याला दिले होते, म्हणून मालकी जाहीर करा आणि कब्जा द्या. मध्यंतरी माझ्या भावानं आपला हिस्सा स्वतःच्या पोराच्या नावानं बक्षीसपत्र करून दिला, तर त्या पोरालाही प्रतिवादी केलंय. शेवटी एक कलम विहिरीचं: सामाईक विहिरीवरची त्यांची पाण्याची पाळी भावानं २०२३ पासून बंद केली, ती सुरू करून द्या. (हे खरं आहे. भाऊ हट्टी आहे.) मागचा दावा ज्युनियर डिव्हिजनला, म्हणजे छोट्या दिवाणी कोर्टात होता, हा त्यावरच्या सीनियरला आहे.

माझं म्हणणं एवढंच, की जमीन कुणाची ते कोर्टानं एकदा सांगितलं ना? मग तोच दावा परत दाखल करून घेतात कसा? आई म्हणते, बेलिफाला जुना निकाल दाखवला असता तर तो दारातूनच परत गेला असता. समन्स येऊन आज २२ दिवस झाले.

सोलापूरचा_गडी

निकाल लागलाय ना, मग घाबरताय कशाला! एकदा फेटाळलेला दावा परत चालतच नाही, कायदाच आहे तसा. समन्स ठेवा गुंडाळून. वकिलाला पैसे घालू नका.

निवृत्त_नाझर

ताई, वरच्या गड्याचं पहिलं वाक्य बरोबर आहे, बाकीचं अजिबात ऐकू नका.

मी तालुक्याच्या कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालो. वकील नाही, पण बेलिफ माझ्या हाताखाली असत, म्हणून आधी आईंना उत्तर. बेलिफ निकाल वाचत नाही. त्याचं काम कागद पोचवून रिपोर्ट लावायचं. आणि दावा दाखल होताना ऑफिस बघतं कोर्ट फी, मूल्यांकन, पत्ते, प्रती. २७ वर्षांपूर्वीच्या रजिस्टरात हेच लोक हाच तुकडा घेऊन आले होते का, हे कुणी शोधत बसत नाही. ते सांगायचं काम तुमचं.

याला कायद्यात नाव आहे प्राङ्न्याय. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८, कलम ११. शब्द मात्र इंग्रजांचा नव्हे. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितलेत: कबूल आहे, खोटं आहे, खरं आहे पण त्यापुढं असं असं घडलं, आणि चौथं, याच गोष्टीत तू माझ्याकडून आधीच हरला आहेस. ते चौथं उत्तर म्हणजे प्राङ्न्याय. मराठेशाहीत तर जिंकणाऱ्याला निवाड्याचा कागद मिळे आणि हरणाऱ्याकडून यजितखत लिहून घेत, माझा दावा खोटा ठरला म्हणून. तरी माणसं वतनासाठी दुसऱ्या गोतापुढं, म्हणजे निवाडा करणाऱ्या सभेपुढं, परत जातच. तुमचा चुलत भाऊ काही नवीन करत नाहीये.

पण बघा, ते *उत्तर* आहे. दिलं तरच मोजलं जातं. तुम्ही गेला नाहीत तर दावा एकतर्फी चालेल, समोरचा मृत्युपत्राचा पुरावा देईल आणि उद्या त्याच्या हातात हुकूमनामा, म्हणजे निकालावरचा कोर्टाचा हुकूम, असेल. मग २००६ चा निकाल काढून दाखवाल, तर पहिला प्रश्न हाच येईल की तेव्हा का नाही सांगितलं. दोन निकाल एकमेकांविरुद्ध उभे राहिले की मागाहून झालेला वरचढ धरतात. जिंकलेली जमीन घरी बसून गेलेली मी पाहिली आहे, म्हणून एवढं तोडून लिहितो.

समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची. कोर्ट कारण नोंदवून ९० दिवसांपर्यंत मुदत देतं. साध्या दिवाणी दाव्यात त्यापुढंही कधी घेतात, पण खर्च लावून आणि बोलणी खाऊन. २२ गेले तुमचे. उद्या वकीलपत्र द्या. कैफियतीत प्राङ्न्यायाचं स्वतंत्र कलम घाला आणि त्यावर वेगळा मुद्दा, म्हणजे कोर्टानं ठरवायचा प्रश्न, काढायची विनंती करा.

आता मृत्युपत्राचं. चुलत्यांनी १९९८ ला मालकी सांगितली ती वाटपाच्या जोरावर. तेव्हाच मृत्युपत्र असेल तर तेही त्याच दाव्यात सांगायला हवं होतं. कलम ११ चं चौथं स्पष्टीकरण हेच म्हणतं: जो मुद्दा आधीच्या दाव्यात घेता आला असता आणि घ्यायला हवा होता, तो घेतला गेला आणि निकालात निघाला असंच धरायचं. नाहीतर माणूस एका दाव्यात वाटप सांगेल, दुसऱ्यात मृत्युपत्र, तिसऱ्यात प्रतिकूल कब्जा (वर्षानुवर्षं ताबा आहे म्हणून मालकी), आणि तुमच्या आईंना शंभरीपर्यंत तारखा. फक्त नव्या दाव्यात एक गोष्ट नीट वाचा: मृत्युपत्र कुठं होतं आणि कधी सापडलं म्हणतात? ते आत्ताच सापडलं, आधी कळायला काही मार्गच नव्हता, हे खरोखर दाखवता आलं तर तेवढ्यापुरती वादाला जागा उरते. "पेटीत सापडलं" एवढ्यानं भागत नाही. पेटी कुणाच्या घरी होती, हे विचारलं जातं.

भाच्याला, म्हणजे भावाच्या पोराला, प्रतिवादी केल्यानं काही बिघडत नाही. तो तुमच्या भावाच्या हक्कावर उभा आहे, आणि चुलत भाऊ त्याच्या वडिलांच्या. कलम ११ पक्षकारांना धरतं, तसंच त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांनाही धरतं. नाहीतर हरलेला प्रत्येक बाप मुलाच्या नावानं परत आला असता.

कोर्टाच्या_पायरीवर

नाझर काकांना नमस्कार. मी पाच वर्षं दिवाणी वकिली करतेय, थोडी भर घालते.

ताई, तुमचे वकील बहुतेक म्हणतील, की त्याच संहितेतल्या आदेश ७ नियम ११ चा अर्ज देऊ आणि दावा दारातच नामंजूर करून घेऊ. पक्षकाराला हे ऐकायला फार गोड लागतं. पण त्या अर्जावर कोर्ट फक्त समोरच्याचा दावा वाचतं, तुमची कैफियत आणि तुमचे कागद बघत नाही. प्राङ्न्याय ठरवायला तर जुना दावा, जुनी कैफियत, मुद्दे, निकाल हे सगळं शेजारी ठेवून ताडून पाहावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२१ मध्ये बेळगावच्या एका मिळकतीच्या प्रकरणात हेच सांगितलं: प्राङ्न्यायाच्या कारणानं असा अर्ज मंजूर करता आला नाही, पण तो मुद्दा प्राथमिक म्हणून आधी चालवायचा का, याचा विचार खालच्या कोर्टानं करावा. तेव्हा तुमची खरी वाट आदेश १४ नियम २ ची, प्राथमिक मुद्द्याची. आणि नियम ११ चा अर्ज दिलाच, तर तेवढ्यानं कैफियतीची मुदत थांबली असं कृपया धरू नका. माझ्या पहिल्या वर्षी मी हे धरलं होतं. सीनियरनी महिनाभर चहा पाजला नाही.

ज्युनियर-सीनियरची काळजी नको. पूर्वी हा बचाव चालायचा, की आधीच्या छोट्या कोर्टाला आत्ताच्या रकमेचा दावा चालवायचा अधिकारच नव्हता. १९७६ च्या दुरुस्तीनं आठवं स्पष्टीकरण घालून ती फट बुजवली. मूल्यांकन फुगवून वरच्या कोर्टात गेलं की जुना निकाल पुसला जातो, असं आता नाही.

बार्शीकर

माझा अनुभव उलटा आहे म्हणून लिहितो. शेजाऱ्यानं बांधावरून आमच्यावर मनाईचा दावा केला होता, तो फेटाळला. पाच वर्षांनी त्यानं मालकीचा दावा लावला आणि आमचा प्राङ्न्यायाचा मुद्दा कोर्टानं मान्य केला नाही. तेव्हा ताई, फार भरवशावर राहू नका.

कोर्टाच्या_पायरीवर

@बार्शीकर, तुमच्या निकालात मुद्दे काय होते? नुसत्या मनाईच्या दाव्यात बहुधा एवढंच बघतात, की दाव्याच्या तारखेला कब्जा कुणाचा. मालकीचा विषय ओझरता येतो. ओझरता आलेला विषय प्राङ्न्याय होत नाही. तो थेट आणि मुख्यत्वे वादात असावा लागतो. अनाथुला सुधाकर (२००८) हा निकाल कुणाही वकिलाला विचारा, पाठ असतो. ताईंच्या चुलत्यांनी मात्र मालकी जाहीर करून मागितली होती, म्हणजे मालकीचा मुद्दा निघालाच असणार. निकालाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर तक्ता असतो: मुद्दा, त्यापुढं "होय" किंवा "नाही". आपला प्रश्न त्या तक्त्यात आहे का, हे आधी बघायचं.

बार्शीकर

आमच्यात दोनच मुद्दे होते. कब्जा आणि अडथळा. आता लक्षात आलं. वकिलानं हे पाच मिनिटांत सांगितलं असतं तर पाच वर्षं मी कोर्टाला शिव्या घातल्या नसत्या.

सोलापूरचा_गडी

बरं, माझं चुकलं. पण मग मला सांगा, माझ्या मेव्हण्याचा दावा "वादी गैरहजर" म्हणून काढून टाकला होता. त्यात तर काहीच ऐकलं नाही कोर्टानं. तो तरी परत लावता येईल ना?

निवृत्त_नाझर

रोजनामा, म्हणजे दाव्यात रोज काय झालं त्याची कोर्टातली नोंद, बघा, त्या दिवशी प्रतिवादी हजर होता का. दोघंही नव्हते, तर मुदतीत नवा दावा लावता येतो. प्रतिवादी हजर होता आणि वादीच नव्हता, तर त्याच कारणावर नवा दावा बंद, आदेश ९ नियम ९. मग जुना दावाच पुन्हा नंबरावर घ्यायचा अर्ज करायचा, ३० दिवसांत. उशीर झाला असेल तर माफीचा अर्ज जोडून. हे प्राङ्न्याय नव्हे, ऐकून निकाल झालेलाच नाही. पण दार बंद ते बंदच. वाटपाच्या दाव्यात जरा सूट मिळते, कारण जोवर मिळकत एकत्र आहे तोवर वाटप मागायचा हक्क रोज नव्यानं उभा राहतो. मेव्हण्याचा दावा कसला होता ते लिहा.

सोलापूरचा_गडी

उसने पैसे. चार वर्षं झाली.

निवृत्त_नाझर

मग अवघड आहे.

वाईची_लेक

सगळ्यांचे आभार. दुकान बंद करून काल वकिलांकडे जाऊन आले, वकीलपत्र दिलं, कैफियतीला मुदत मागितलीय. त्यांनीही नियम ११ च काढला होता. मी बेळगावचं प्रकरण म्हटल्यावर चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

दोन शंका. आमच्याकडे २००६ च्या निकालाची झेरॉक्सच आहे, तीही शेवटचं पान नसलेली. आणि भाऊ म्हणतो, दावाच चालत नाही म्हटल्यावर विहिरीचाही प्रश्न मिटला, पाळी देणार नाही.

निवृत्त_नाझर

झेरॉक्स चालणार नाही. नक्कल विभागात अर्ज करा. जुन्या दाव्याचा नंबर, वर्ष, पक्षकार, निकालाची तारीख, सगळं घाला. प्रमाणित नक्कल मागा दाव्याची, तुमच्या कैफियतीची, काढलेल्या मुद्द्यांची, निकालाची, हुकूमनाम्याची. आणि जिल्हा न्यायालयाच्या निकालाची व हुकूमनाम्याची वेगळी. लोक फक्त निकाल मागतात आणि तिथंच चुकतात. काय मागितलं होतं आणि काय नाकारलं होतं हे दाव्या-कैफियतीतच असतं. घाई एवढ्यासाठी, की जुनं रेकॉर्ड कायम ठेवत नाहीत. निकाल आणि हुकूमनामा पुष्कळ जपतात, बाकीचे कागद ठराविक वर्षांनी नाश होतात. आम्ही याद्या करून ते पाठवत असू. एकदा एका आजोबांनी मला रेकॉर्ड रूमच्या दारात विचारलं होतं, "साहेब, माझी कैफियत जाळली का हो?" आणि मला हो म्हणावं लागलं होतं.

शिवाय २०११ नंतर चुलत्यांनी हायकोर्टात दुसरं अपील केलं होतं का, ते त्यांच्या नावानं शोधून घ्या. तिथं काही पडून असेल तर निकाल अजून अंतिम नाही.

विहिरीचं मात्र तुमच्या भावाला माझं नाव सांगून वाचून दाखवा. १९९८ च्या दाव्यात पाळीचा वाद नव्हता, कारण पाळी तेव्हा चालू होती. ती बंद झाली २०२३ ला. जे तेव्हा घडलंच नव्हतं, ते त्या निकालानं ठरेल कसं? तेवढं कलम चालणार, आणि तुम्हीच म्हणता त्याप्रमाणं त्यात चुलत भाऊ खरा आहे. प्राङ्न्याय दाव्याच्या फाइलीला लागत नाही, एकेका मुद्द्याला लागतो.

बार्शीकर

आणि समजा २००६ चा निकाल चुकीचा असेल तर? म्हणजे ताईंचा नव्हे, एकूणच.

कोर्टाच्या_पायरीवर

चुकीचा निकालही बांधतोच. चूक सांगायची जागा अपील, नवा दावा नव्हे. अपवाद आहेत. निकाल फसवणुकीनं मिळवला असेल, किंवा कोर्टाला अधिकारच नसेल, तर. एक जुनं मुंबईचं प्रकरण मला आवडतं: बोरिवलीतली मोकळी जमीन १९५० ला बांधकामासाठी भाड्यानं दिली होती. भाडेकरूनं भाडे कायद्याखालचं प्रमाण (वाजवी) भाडं ठरवून मागितलं. कोर्ट म्हणालं, मोकळ्या जमिनीला भाडे कायदा लागूच नाही, आम्हाला अधिकार नाही. हायकोर्टानंही ते कायम केलं. पुढं हायकोर्टानंच दुसऱ्या एका प्रकरणात उलट सांगितलं. भाडेकरू परत आला. १९७० ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, येऊ दे. अधिकाराविषयीचा निव्वळ कायद्याचा प्रश्न चुकीचा सुटला, म्हणून तो या दोघांपुरता कायमचा कायदा होत नाही. पण हे फार अरुंद दार आहे. वस्तुस्थितीचा निर्णय, म्हणजे वाटप झालं का, जमीन कुणाला गेली, यातून आत येता येत नाही.

वाईची_लेक

पाच आठवड्यांनी लिहितेय. नकला मिळाल्या, दाव्याचीसुद्धा. नाश झाली नव्हती. हायकोर्टात काही सापडलं नाही.

निकालात मुद्दा क्रमांक १: "दावा मिळकत वाटपाने वादीच्या मालकीची झाली हे वादी शाबीत करतो काय?" पुढं "नाही". मुद्दा क्रमांक ३: "१९७४ च्या वाटपात दावा मिळकत प्रतिवादींच्या पूर्वहक्कदारास मिळाली हे प्रतिवादी शाबीत करतात काय?" पुढं "होय".

पण खरी गंमत नाझर काकांनी दाव्याची नक्कल घ्यायला लावली म्हणून कळली. मी ती बसमध्ये वाचत होते. १९९८ चा चुलत्यांचा दावा, कलम २, वंशावळीखालची ओळ: वादीचे वडील "कोणतेही मृत्युपत्र वगैरे न करता सन १९७२ मध्ये मयत झाले." खाली चुलत्यांची सही. मी ती ओळ चार वेळा वाचली आणि सुरूरचा फाटा निघून गेला. पुढच्या थांब्यावरून उलटं चालत आले.

वकिलांनी ती ओळ कैफियतीत जशीच्या तशी घातलीय. कैफियत दाखल झाली, प्राथमिक मुद्द्याचा अर्जही दिला, त्यावर पुढच्या महिन्यात समोरच्याचं म्हणणं आहे. चुलत भाऊ त्या दिवशी कोर्टात होता. बोलला नाही, पण आईला खाली बसायला बाकड्यावरची पिशवी उचलून जागा दिली.

विहिरीचं मी भावाला वाचून दाखवलं. दोन दिवस फुगून होता. परवा आईनंच मोटारीची किल्ली चुलत भावाच्या घरी पाठवून दिली, मंगळवार-बुधवारची रात्रपाळी. वकील म्हणतात, त्याची पुरसिस, म्हणजे कोर्टात लेखी निवेदन, देऊन तेवढं कलम काढून घेऊ.